खुंटी मोकळी नव्हती

बुधवार, ६ मार्च

दादा,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. नुसतं दादा राहू दे. तेवढा तू आहेसच, त्याला माझा इलाज नाही.

आज न्यायाधिकरणात माझी पहिली तारीख होती. तुला ठाऊक असणारच, कारण तुझी सही माझ्याआधी तिथे पोचली होती.

खोली शाळेच्या वर्गाएवढी. समोर तिघं बसतात. मधल्या बाई अध्यक्ष. बाजूच्या दोघांपैकी एक कागद उलटतो, दुसरा मान हलवतो. माझा पुकारा झाला तेव्हा बाई दमलेल्या दिसत होत्या. मालकांचे वकील बसल्या जागेवरूनच म्हणाले, "कामावरून काढलं ऑक्टोबरच्या अखेरीला. अर्जाची मुदत तीन महिने. अर्ज आला फेब्रुवारीत. मुदतीबाहेर आहे."

बाईंनी माझा अर्ज पाहिला. उशिराच्या कारणापुढे मी लिहिलं होतं, 'समजुतीने थांबले.' मला वाटलं होतं एवढं पुरे. बाई म्हणाल्या, "हे काही कारण झालं नाही," आणि पेन टेकवलं.

मी उठून उभी राहिले. तोंड आपोआप चाललं. ते आपल्या घराण्याचंच आहे. म्हटलं, "बाई, मला अजून कोणी काही विचारलेलंच नाही. मालकांनी काढताना विचारलं नाही. तुम्ही तरी विचारून काढा."

वकील हसले. बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "बरं. समजुतीने म्हणजे कोणत्या समजुतीने?"

मग मी आपल्या लाँड्रीची रीत सांगितली. मालक रागाच्या भरात कुणालाही 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणतात. माणूस घरी बसतो. राग उतरला की मुकादम निरोप पाठवतो आणि माणूस परत येतो. बॉयलरवाल्याला चार वेळा काढलं होतं, पाचव्यांदा तो स्वतः गेला, तेही मुलीकडे राहायला. तोवर आपण बघायचं ते एवढंच, की आपल्या खुंटीवर आपला एप्रन आहे का. दर सोमवारी मुकादम धुतलेले एप्रन ज्याच्या त्याच्या खुंटीला लावतो. खुंटी मोकळी झाली, की माणूस गेला. माझी मोकळी झाली नव्हती. घडीवर बसणारी माझी मैत्रीण दर सोमवारी फोन करायची आणि एवढंच सांगायची, "आहे गं." फेब्रुवारीतल्या एका सोमवारी म्हणाली, "नाही गं. नव्या मुलीला दिली खुंटी." दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला.

वकील म्हणाले, "म्हणजे नोकरी आहे की नाही, हे टांगलेल्या कपड्यावरून ठरतं?"

"आमच्याकडे ठरतं," मी म्हटलं. "तुमच्याकडे काळ्या कोटावरून ठरतं ना?"

बाजूचा मान हलवणारा माणूस खाली बघून हसला. बाई हसल्या नाहीत. "अशी रीत आहे हे कोण सांगेल?"

मी म्हटलं, मुकादम सांगतील.

तेव्हा वकिलांनी फाईलमधून एक कागद काढला. "मुकादमांचंच निवेदन आहे. त्यांनी यांना त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की काम कायमचं गेलं. मुकादम यांचे सख्खे भाऊ आहेत, त्यामुळे वैराने बोलले असं म्हणायची सोय नाही."

खाली तुझी सही. तुझ्या सहीची ती शेपटी मी शाळेपासून बघत आलेय. प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तू माझ्यासाठी करायचास, तेव्हाही ती शेपटी लपायची नाही.

बाईंनी विचारलं, "याची प्रत यांना दिली होती?"

"आजच दाखल करतोय."

"मग आज यावर काही ठरणार नाही. त्यांना प्रत द्या. मुकादमांना पुढच्या तारखेला इथे आणा. यांना त्यांना प्रश्न विचारता आले पाहिजेत."

"मुद्दा फक्त मुदतीचा आहे. एवढ्यासाठी साक्षीदार कशाला?"

"एवढ्यासाठीच," बाई म्हणाल्या. "इथे दार लागलं, की पुढचं कोणी ऐकणार नाही."

म्हणजे आता माझं ऐकायचं की नाही, हे तू काय बोलतोस त्यावर आहे. त्या दिवशी तू मला म्हणालास, "घरी जा, गप बस, मी बघतो." हेच शब्द होते. 'कायमचं' हा शब्द तुझ्या तोंडून मी ऐकला नाही. आज कागदावर वाचला.

हे पत्र उद्या टाकते.

तुझी धाकटी

शनिवार, ९ मार्च

दादा,

ते पत्र टाकलं नाही. हेही टाकणार नाही.

प्रत घ्यायला खिडकीवर गेले होते, तेव्हा कारकुनाला सहज विचारलं, की साक्षीदाराला पत्र लिहिलं तर चालतं का. तो म्हणाला, "साक्षीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. बोलायचंही नाही. पढवलं असं होतं."

"माझा भाऊ आहे तो."

"मग तर दोनदा नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मीही जायचं नाही का त्याच्याकडे?"

"जा की. फक्त केसचं काढू नकोस."

"मग काय काढू? चार महिने झाले, या घरात दुसरं काही निघालंय का?"

तेव्हा तिच्याकडून काही निरोप आला, की तू नीट जेवतोस का, तुझा खोकला गेला का, तर समज की ती नियम पाळतेय.

मला हा नियम आवडला नाही. मग वाटलं, निदान नियम आहे. टेबलक्लॉथ जळाले त्या दिवशी कुठला नियम होता? आदल्या आठवड्यात मी तुला दोनदा सांगितलं होतं, इस्त्रीचा रोलर जास्त तापतोय, काटा हिरव्यावर असला तरी कापडाला वास येतोय. तू म्हणालास, मेकॅनिक सोमवारी येणार आहे. शुक्रवारीच हॉटेलचा अख्खा गाडा करपला. मालकांचा धाकटा मुलगा आला, एक टेबलक्लॉथ उचलून उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "हिला काढा." हिला. मी तिथेच उभी होते, हातभर अंतरावर. काय झालं, हे विचारायला कितीसा वेळ लागला असता? तू त्याच्या मागे उभा होतास आणि रोलरकडे बघत होतास.

पाठवायचं नसलं की माणूस बरंच लिहितो, असं दिसतंय.

सध्या एका लॉजवर चादरी घडी करायला जाते. अर्धा दिवस, उभ्याने. तिथे एप्रनच नाही, त्यामुळे खुंटीचा प्रश्न नाही.

खालच्या मजल्यावरचे टायपिस्ट काका मला प्रश्न काढून देताहेत. जन्मभर कोर्टात दुसऱ्यांची भांडणं टाईप केली, त्यामुळे वकिलांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्यांचं मत आहे. त्यांच्या बायकोचं मत वेगळं आहे, पण ती ते स्वयंपाकघरातून सांगते.

मंगळवार, २३ एप्रिल

दादा,

उद्या तारीख.

आज लॉजवर लक्ष लागलं नाही. एकच चादर तीनदा उलगडली आणि तीनदा घडी केली. तिथली बाई म्हणाली, "बरं नसेल तर जा." मी दचकले. हल्ली कोणी 'जा' म्हटलं की ते कायमचंच वाटतं. ती बिचारी खरंच काळजीने म्हणत होती.

घरी न जाता लाँड्रीच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. बोलायला बंदी आहे, बघायला नाही. बॉयलरमागच्या तुमच्या दोन खोल्यांच्या खिडकीत वहिनीने मनीप्लांट लावलाय. दोरीवर तुझे दोन शर्ट होते. लाँड्रीच्या मुकादमाचे शर्ट घरी धुतात याचं मला नेहमी हसू यायचं. आज आलं नाही. त्या खोल्या मालकांच्या आहेत. भाडं नाही, वीज नाही. मनात आलं, उद्या तू जे खरं ते बोललास, तर त्या दोरीचं काय होईल?

मग स्वतःचाच राग आला. तुझ्या दोरीची काळजी करायला मला कोणी सांगितलंय? माझ्या पगाराची तू केलीस?

आणि तू काय बोलणार, हे तरी मला कुठे माहीत आहे. दर सोमवारी तो एप्रन तूच लावायचास, एवढं माहीत आहे. का लावायचास, हे माहीत नाही. मी परत येईन म्हणून लावायचास, की मी घरीच बसून राहावं म्हणून? सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. जेवताना दोन्ही एकदम वाटतात आणि घास फिरतो.

काकांनी पाच प्रश्न टाईप करून दिलेत. मशीन जुनं आहे, 'र' उडतो. शेवटचा प्रश्न असा: 'पूर्वी कामावर असताना दारू प्यायल्याबद्दल तुम्हाला ताकीद मिळाली होती काय?' मी म्हटलं, हा कशाला? ते म्हणाले, "साक्षीदार मोडायचा असेल तर आधी त्याचा पाय मोडावा लागतो."

"काका, बाबा गेले त्या आठवड्यातली गोष्ट आहे ती."

"न्यायाधिकरणाला काय माहीत?"

"मला माहीत आहे ना."

काकांनी कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "एक मात्र लक्षात ठेव. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न साक्षीदाराला कधीच विचारायचा नाही. त्यात मोठमोठे बुडालेत."

मला त्याखेरीज दुसरा प्रश्नच नाही, हे त्यांना कसं सांगू.

आईने आज तुझं नाव काढलं नाही. म्हणजे दिवसभर तेच चाललं होतं.

गुरुवार, २५ एप्रिल

दादा,

काल तू तिथे होतास, तरी लिहिते. खुर्चीत बसलेल्याला आपण कसे दिसतो ते कळत नाही.

तू लग्नातला शर्ट घालून आला होतास. माझ्याकडे बघितलं नाहीस. आईकडे बघितलंस आणि तिने पदर सारखा केला, जसं काही पाहुणे आलेत.

वकिलांनी तुझं निवेदन वाचलं, हे खरं आहे ना विचारलं, तू "हो" म्हणालास. मग बाई माझ्याकडे वळल्या. "विचारा. सावकाश विचारा."

काकांचा कागद माझ्या हातात होता. मागून त्यांचा घसा खाकरणं ऐकू येत होतं. मी कागद उलटा ठेवला.

"ऑक्टोबरनंतर दर सोमवारी माझा एप्रन खुंटीला कोण लावायचं?"

"मी."

"धुऊन?"

"धुऊन. न वापरलेला कसला धुवायचा, पण टाकायचो सगळ्यांबरोबर. धूळ बसते."

"का लावायचास?"

तुला 'तू' म्हटलं म्हणून वकील हरकत घेताहेत असं मला आधी वाटलं. त्यांची हरकत दुसरीच होती, की हा प्रश्न मुदतीशी संबंधित नाही. बाई म्हणाल्या, "मला तर हा एकच प्रश्न मुदतीशी संबंधित वाटतोय. मुकादम, उत्तर द्या."

कागद उलटणाऱ्याने कागद उलटायचं थांबवलं होतं.

"आधी मला वाटलं, मालकांचा राग उतरेल," तू म्हणालास. "नेहमी उतरतो. म्हणून लावला. डिसेंबरात मी मालकांना विचारलं, बहिणीला निरोप देऊ का. ते म्हणाले, निरोप नको, एप्रन मात्र राहू दे. तीन महिने होऊन जाऊ देत, मग काढ."

"तीन महिने कशाला, हे कळलं तुला?"

"कळलं."

"तरी लावलास?"

"लावला."

बाईंनी विचारलं, "बहिणीला का सांगितलं नाही?"

"खोल्या मालकांच्या आहेत."

एवढंच. मला वाटलं पुढे काही म्हणशील. मग तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ही येऊन विचारेल असं वाटत होतं. विचारलं असतं तर खोटं बोललो नसतो. ही आलीच नाही."

आणि दादा, मी बसून विचार करत होते, की हा येऊन सांगेल. आईने दोघांना बदडलं असतं तर काम महिन्याभरात झालं असतं.

मग वकिलांनी उलट प्रश्नांना वेळ मागितला. बाईंनी दिला. मला राग आला. सगळं बाहेर आलंय, आता आणखी काय? माझा चेहरा बघून बाई म्हणाल्या, "तुमचं ऐकलं, तसं त्यांचंही ऐकायला हवं. नाहीतर हा निकाल वरच्या कोर्टात दोन दिवस टिकणार नाही." मग वकिलांनी तुला सोललं. बहिणीच्या प्रेमापोटी बोलताय का. सही करताना शुद्धीत होता का. मार्चमध्ये खोटं बोललात की आज? तू म्हणालास, "मार्चमध्ये." ताकिदीचंही त्यांनीच काढलं, मालकांनी पुरवलेलं असणार. तू म्हणालास, "हो, मिळाली होती. वडील गेले होते." मला वाटत होतं, आता कोणीतरी थांबवा हे. मला सहा महिने हेच हवं होतं, तुला कोणीतरी उभं करून विचारावं. विचारत होते, तर बघवत नव्हतं.

बाहेर तू जिन्यापाशी थांबला होतास. मी आले, तर तू उतरायला लागलास. कारकून खिडकीतून बघत होता, म्हणून मी हाक मारली नाही. कारकून हे निमित्त झालं.

काका सोबत परत आले. फाटकापाशी म्हणाले, "बुडालीस असंच वाटलं होतं मला."

शुक्रवार, १७ मे

दादा,

हुकूम आला. उशीर माफ. काकांनी तीनदा वाचून दाखवला, आवाज चढवून, जसा काही त्यांनीच लिहिला. म्हटलंय की अर्जदार थांबली ती तिच्या आळसाने नाही. नोकरी अजून आहे अशी तिची समजूत मालकांनीच मुद्दाम राहू दिली, तेव्हा त्या उशिराचा फायदा त्यांना घेता येणार नाही. मला काढलं ते योग्य की अयोग्य, हे आता ऐकलं जाईल. मालकांनाही त्यांची बाजू मांडायची पूर्ण संधी आहे, असंही लिहिलंय.

आई म्हणाली, "म्हणजे जिंकलो?"

काका म्हणाले, "नाही हो. म्हणजे आता हरता तरी येईल. आधी तेही शक्य नव्हतं."

मी घरातल्या घरात फिरत राहिले. आनंद झालाय, पण तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. रोलरच्या काट्याबद्दल पुढे तुलाच परत बोलवतील, म्हणजे तू अजून साक्षीदार आहेस, म्हणजे ही पत्रं अजून घरातल्या डब्यातच.

आईने वहिनीला फोन केला. वहिनी म्हणाली, सगळं ठीक आहे. आई म्हणते, ज्या घरात ठीक असतं तिथे एवढं हळू बोलत नाहीत.

गुरुवार, ६ जून

दादा,

हे पत्र मी टाकणार आहे. कारकुनाला विचारून आलेय. त्याने विचारलं, "साक्षीबद्दल आहे का?" मी म्हटलं, "नाही, अकलेबद्दल आहे." तो म्हणाला, मग खुशाल टाका.

काल वहिनी आली होती. आईच्या शेजारी बसली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "वन्सं, यांना सांगू नका मी आले ते." तरी मी सांगतेय, तिच्यावर रागावू नकोस. मग तिने सांगितलं. हुकूम आला त्याच संध्याकाळी मालकांच्या धाकट्याने तुला सगळ्यांसमोर 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटलं. तीन आठवडे होत आले. आणि तू घरात बसून आहेस. वहिनी म्हणाली, "मी म्हणते काहीतरी करा. हे म्हणतात, खोल्या सोड म्हणालेले नाहीत, गेटाच्या चाव्या अजून मागितलेल्या नाहीत. राग उतरला की बोलावतील."

आई म्हणाली, "याला मीच जन्म दिला ना गं?"

दादा, तू? जगात सगळ्यांनी थांबावं, पण तू? तीन महिने कसे घालवायचे असतात, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? चाव्या का मागितल्या नाहीत, हे आता मी तुला समजावून सांगायचं?

वहिनी म्हणते, तुला आमच्यापुढे यायचं नाही. तोंड दाखवायचं नाही म्हणतोस. तो विचार ठेव बाजूला. तू मला फसवलंस, आणि तूच मला सोडवलंस. यातलं एक दुसऱ्यात वजा करून काय उरतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरेल तेव्हा तुला समोर बसवून सांगेन आणि तुझंही ऐकेन. त्याला मुदत नाही. तुझ्या अर्जाला आहे. आणि मुदत तीन महिन्यांची आहे म्हणून तीन महिने थांबायचं नसतं.

खोल्यांचं बघू. आमच्याकडे आईची बाजेची जागा सोडली तर बाकी सगळी जमीन मोकळी आहे. काका म्हणाले, पुतण्याची खोली दोन महिने रिकामी आहे. आतून काकूंचा आवाज आला, "तीन."

न्यायाधिकरण शनिवारी एकपर्यंत उघडं असतं. मी खिडकीजवळच्या बाकावर बसलेली असेन. वहिनीलाही आण, तिला सगळं तारीखवार आठवतं, तुझं डोकं ऐनवेळी चालत नाही. अर्ज मी आणून ठेवलाय. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, कारकुनाशी बोल.

आई जेवण करून ठेवणार आहे. पण आधी सही, मग जेवण. भांडण त्यानंतर.

धाकटी